ठाण्यातली पंधरा घरे: जगाच्या इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाविद्यालयांसाठी आणि स्पर्धा परीक्षांसाठी जगाच्या इतिहासाची मराठी पुस्तके लिहिणारे लेखक, संपादक आणि प्रकाशक यांस,

स. न. वि. वि.

मी ठाणे जिल्ह्यात इतिहास शिकवते. तुमची पुस्तके माझ्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात असतात आणि माझ्या टेबलावरही असतात. ‘ख्रिस्ती धर्माचा उदय आणि प्रसार’ हे प्रकरण बहुतेक पुस्तकांत अडीच-तीन पानांचे असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळे जग चारशे पानांत बसवायचे तर काटछाट आलीच. पण सगळ्यांची कात्री नेमकी एकाच जागी चालते, आणि त्याचे कारण कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आधी साध्या चुका, त्या लवकर आटोपतील. ‘इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले’ हे वाक्य मी इतक्या पुस्तकांत वाचले आहे की मुले ते झोपेतही म्हणतील. ३१३ साली मिलानमध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या दोन सम्राटांनी ठरवले ते एवढेच, की ज्याला जो धर्म पाळायचा असेल तो त्याने पाळावा आणि ख्रिस्ती मंडळींची जप्त केलेली मालमत्ता परत द्यावी. राजधर्म झाला तो थिओडोशियसच्या काळात, ३८० साली. मधल्या सदुसष्ट वर्षांत काय काय घडले! ज्युलियन नावाच्या सम्राटाने जुने देव परत आणण्याचा प्रयत्न करून पाहिला, तोही याच काळात.

दुसरी चूक निकियाची. ‘३२५ च्या निकिया धर्मसभेत बायबलमधली पुस्तके निवडली गेली’ असे तुम्ही छापता. ती सभा भरली अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतामुळे. पुत्र (म्हणजे येशू) हा पित्याने (म्हणजे देवाने) निर्माण केलेला, म्हणजे पित्याहून खालचा, असे तो म्हणे. सभेने त्याविरुद्ध श्रद्धेचा एक मसुदा मंजूर केला, ईस्टरच्या तारखेचा वाद मिटवला आणि धर्मगुरूंच्या वागणुकीचे वीस नियम केले. पुस्तकांची यादी त्यात नाही. नव्या करारातली आजची सत्तावीस पुस्तके, तेवढीच आणि तीच, आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या ईस्टरच्या पत्रात. निकियाची ही गोष्ट कादंबऱ्या आणि सिनेमांतून पसरली. तिथे ती शोभते, पण वस्तुनिष्ठ प्रश्नसंचात तिला चार पर्यायांपैकी बरोबर पर्याय म्हणून बसवू नका.

हे सगळे एका दुपारी दुरुस्त होईल. आराखड्याचे तसे नाही. तुमच्या प्रकरणात येशू, मग पौल, मग रोमन सम्राटांनी केलेला छळ, मग कॉन्स्टंटाइन, पोप, धर्मयुद्धे, ल्यूथर आणि शेवटी आशिया-आफ्रिकेकडे निघालेली जहाजे, असा क्रम असतो. जेरुसलेमहून निघालेली रेषा सरळ पश्चिमेला जाते आणि हजार-पंधराशे वर्षांनी बंदुका घेऊन पूर्वेला परत येते. हा आराखडा तुमचा नाही. त्याचा पहिला अर्धा भाग सतराशे वर्षांपूर्वी एका माणसाने आखला.

त्याचे नाव युसेबियस. पॅलेस्टाइनमधल्या कैसरिया शहराचा बिशप. ३०३ साली डायोक्लेशियनने सुरू केलेला छळ त्याने डोळ्यांनी पाहिला, त्यात त्याचे गुरू पॅम्फिलस मारले गेले. आणि मग त्याच्या हयातीतच सम्राट ख्रिस्ती मंडळींच्या बाजूला आला. असा कायापालट बघितलेल्या माणसाला इतिहासात देवाचा हात दिसला तर नवल नाही. त्याने ख्रिस्ती मंडळीचा पहिला सलग इतिहास दहा भागांत लिहिला. कल्पना अशी: प्रेषितांकडून बिशपांकडे आलेली एक शुद्ध परंपरा, तिच्या बाहेर जाणारे ते पाखंडी, बाहेरून छळ, आणि अखेर सम्राटाच्या हातून विजय. त्याचे ऋण मोठे आहे, हे आधी सांगते. कैसरियाच्या ग्रंथालयात बसून त्याने जुनी पत्रे आणि ग्रंथ शब्दशः उतरवून घेतले. पापियस, हेगेसिप्पस अशा लेखकांचे जे काही आज उरले आहे, त्यातले बरेचसे त्याच्या उताऱ्यांमुळे उरले.

पण हाच माणूस काय गाळतो तेही पाहा. इतिहासाच्या शेवटच्या भागात त्याने कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस याची तोंड भरून स्तुती केली. ३२६ साली कॉन्स्टंटाइनने त्या मुलाला ठार करवले, पाठोपाठ राणी फॉस्टाही गेली. पुढे युसेबियसने सम्राटाचे चरित्र लिहिले, त्यात या प्रकरणाबद्दल एक अक्षर नाही. बखर वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. धनी खूश राहावा म्हणून बखरकार कुठे थांबतो, हे आपण बरोबर ओळखतो. मग युसेबियसच्या बाबतीत आपण एवढे भाबडे का होतो?

त्याच्यानंतर भांडणे पुष्कळ झाली. १४४० मध्ये लोरेन्झो वल्ला या इटालियन पंडिताने दाखवून दिले की कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान दिल्याचा दस्तऐवज बनावट आहे. त्यातली लॅटिन भाषा चौथ्या शतकाची असूच शकत नाही. सोळाव्या शतकात ल्यूथरपंथी पंडितांनी माग्डेबुर्ग शहराच्या नावाने ओळखला जाणारा शतकवार इतिहास काढला, पोप कसे बिघडत गेले ते सांगण्यासाठी. त्याला उत्तर म्हणून रोममध्ये बारोनियसने बारा खंड लिहिले, काहीच बिघडले नाही हे सांगण्यासाठी. मग इंग्रज इतिहासकार गिबन आला आणि त्याने दोघांनाही टोमणे मारले. मला यात गंमत वाटते ती ही, की इतके हाडवैरी असूनही सगळ्यांचा नकाशा एकच होता. भांडण होते ते रोमचे बरोबर की चूक, यावर. रोमच्या पूर्वेला काय चालले होते, हा प्रश्न कुणाच्याच यादीत वर नव्हता.

आणि तिथे तर अर्धा संसार उभा होता. आजच्या तुर्कस्तानातले उर्फा म्हणजे जुने एडेसा. या गावच्या जुन्या बखरीत २०१ सालच्या पुराची नोंद आहे: नदी गावात शिरली आणि ख्रिस्ती लोकांच्या मंडळीचे मंदिरही पाण्याने मोडले. कॉन्स्टंटाइनचा अजून जन्म व्हायचा होता आणि इथे सगळ्यांना ठाऊक असलेली, पुरात पडल्याची नोंद व्हावी अशी इमारत होती. या लोकांची भाषा सिरियाक, म्हणजे येशू बोलत होता त्या अरमाईचीच एक बोली. चार शुभवर्तमाने (नव्या करारातली येशूची चरित्रे) एकत्र गुंफून केलेले एकच पुस्तक ते पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचत. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या प्रांतातून त्याच्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, काहीशा अभिमानाने. त्या पुस्तकाची मूळ सिरियाक प्रत आज अखंड कुठेच नाही.

एडेसाच्या पलीकडे इराणचे सासानी साम्राज्य. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाल्यावर इराणच्या ख्रिस्ती प्रजेकडे शत्रूचे हेर म्हणून पाहिले जाऊ लागले आणि दुसऱ्या शापूरच्या काळात त्यांची कत्तल झाली. तुमच्या पुस्तकांत छळ ३१३ ला संपतो. यांचा तेव्हा सुरू व्हायचा होता. ४१० साली त्यांनी टायग्रिसकाठच्या राजधानीत, शहा यज्दगर्दच्या परवानगीने, स्वतःची धर्मसभा भरवली आणि स्वतःचा प्रमुख मान्य केला. पुढे पश्चिमेने त्यांना ‘नेस्टोरियन’ म्हणून पाखंडी ठरवले. ते स्वतःला नुसते पूर्वेचे चर्च म्हणत. इस्लामी सत्ता आल्यावर याच चर्चचा प्रमुख तिमथी बगदादमध्ये खलिफा अल-महदीसमोर बसून दोन दिवस धर्मचर्चा करत होता आणि खलिफाच्या सांगण्यावरून ॲरिस्टॉटलचे भाषांतर करून देत होता. गॅलनचे वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक याच मंडळीतला. ‘अरबांनी ग्रीक ज्ञान जपले’ हे वाक्य तुमच्या पुस्तकात पुढच्याच प्रकरणात असते, पण मधला दुवा कोण, ते नसते.

चीनमधल्या शिआन शहरात ७८१ साली उभारलेला एक शिलालेख आहे, पुरुषभर उंचीपेक्षा बराच उंच. त्यावर चिनी मजकूर आणि कडेला सिरियाक अक्षरांत धर्मगुरूंची नावे कोरली आहेत. आलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ साली तांग राजधानीत आला, बादशहाने त्याचे ग्रंथ तपासले आणि तीन वर्षांनी मठ बांधायला परवानगी दिली, असे त्यात लिहिले आहे. हा दगड सतराव्या शतकात जमिनीतून वर आला. जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी गाजावाजा केला आणि व्हॉल्टेअरने तो जेझुइटांनीच केलेला बनाव ठरवून टाकला. आज त्याच्या अस्सलपणाबद्दल वाद उरलेला नाही. आपल्या कल्पनेत बसत नाही म्हणून पुरावाच खोटा ठरवण्याचा मोह बुद्धिवाद्यांनाही होतो, त्याचा हा चांगला नमुना.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते, कारण माझा खरा राग इथे आहे. ‘भारतात ख्रिस्ती धर्म १४९८ नंतर पोर्तुगीजांनी आणला’ हे तुम्ही लिहिता, आणि ते वाचणारी मुले कल्याण लोकलने घरी जातात. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहिले आहे की मिरी पिकते त्या मले देशात ख्रिस्ती लोक आहेत, आणि ‘कल्लियाना’ इथे तर इराणमधून नेमून आलेला बिशप आहे. (या गृहस्थाची पृथ्वी सपाट होती, पण बंदरे त्याला चांगली ठाऊक होती.) हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात. काहींना ते दक्षिणेतले एखादे बंदर वाटते. तुम्ही दोन्ही मते द्या, मला चालेल. इराणशी या किनाऱ्याचा व्यापार होता याला तर पुरावाही लांबचा नको. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत, आणि तिथल्याच एका लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या इराणी वंशाच्या लोकांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरली आहेत. ते जरथुष्ट्री होते. पण ज्या समुद्री वाटेने ते आले, त्याच वाटेने इराणचे ख्रिस्तीही येत होते.

मग १३२१ चे ठाणे. थॉमस, जेम्स, पीटर आणि डेमेट्रियस हे चार फ्रान्सिस्कन आणि जॉर्डनस नावाचा एक डॉमिनिकन, म्हणजे रोमच्या चर्चमधल्या दोन संघांचे साधू, होर्मुझहून निघाले. त्यांना केरळातल्या कोल्लमला जायचे होते, पण जहाजाने त्यांना ठाण्याला आणून टाकले. दिल्लीत तेव्हा घियासुद्दीन तुघलक गादीवर होता आणि ठाण्यात सुलतानाचे अधिकारी होते. थोड्याच वर्षांनी तिथे आलेला ओडोरिक हा इटालियन साधू पुढची हकिकत सांगतो. पाहुणे उतरले ते ठाण्यातल्या एका ख्रिस्ती माणसाच्या घरी. गावात नेस्टोरियनांची पंधरा घरे होती. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले. ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, म्हणून काझीने विचारले. ती म्हणाली, घरात चार फिरंगी साधू आहेत, त्यांनी पाहिले. पीटरला सामानाजवळ ठेवून बाकीचे तिघे काझीसमोर गेले. तिथे विषय नवरा-बायकोवरून धर्मावर घसरला, मुहम्मदाबद्दल काय म्हणता असे विचारले गेले, आणि काही दिवसांत चौघेही मारले गेले. जॉर्डनस तेव्हा गावात नव्हता. त्याने परत येऊन प्रेते सोपाऱ्याला नेऊन पुरली. सोपारा म्हटले की आपल्याला स्तूप आणि अशोकाचा शिलालेख आठवतो, तेच सोपारा. ओडोरिकने पुढे ती हाडे उकरून थेट चीनला नेली.

रोमच्या इतिहासात ते चार हुतात्मे नावानिशी आहेत. पंधरा घरे मात्र ओडोरिकच्या एका ओळीत येतात, तीही ‘पाखंडी’ या शेऱ्यासकट. जिच्या तक्रारीवरून हे सगळे घडले, त्या बाईचे नाव लिहून घ्यावे असे कुणाला वाटले नाही. पण त्या ओळीने एवढे नक्की केले आहे, की वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षे आधी ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबे नांदत होती. ती नवराबायकोसारखी भांडत होती, न्याय मागायला काझीकडे जात होती, परदेशी पाहुण्यांना ओसरी देत होती. पुढे त्यांचे काय झाले याचे कागद नाहीत. आजच्या वसईकर ख्रिस्ती लोकांशी त्यांचा धागा जोडायची घाई मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

केरळमध्ये धागा सलग आहे. कोल्लमच्या चर्चला ८४९ साली मिळालेल्या ताम्रपटांवर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अक्षरांत आहेत. तांबे टिकले, कागद टिकले नाहीत, आणि त्याला निव्वळ वाळवी कारण नाही. १५९९ साली गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने उदयंपेरूरला धर्मसभा बोलावली आणि तिथल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ तपासून ‘चुकीचे’ ठरलेले जाळायला लावले. त्याविरुद्ध मट्टनचेरीच्या क्रुसाला दोर बांधून १६५३ मध्ये लोकांनी शपथ घेतली, ती प्रसिद्धच आहे. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणारे धर्मन्यायालय, तुम्ही शिकवता, १५६० ते १८१२, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण पोर्तुगीजांना इथे आधीपासूनचे ख्रिस्ती भेटले आणि त्यांनी त्यांनाही पाखंडी ठरवून दंडुका उचलला, एवढे एक वाक्य त्याच परिच्छेदात घातलेत तर मुलांना विषय वेगळाच दिसेल. खुद्द गोव्यातही २००१ मध्ये आगशीला पहलवी अक्षरे कोरलेला एक जुना क्रूस सापडला आहे. तशाच धाटणीचा क्रूस पोर्तुगीजांना मद्रासच्या टेकडीवर १५४७ मध्ये मिळाला होता.

हे वाचून दोन बाजूंनी दोन आवाज येतील, ते मला ऐकू येत आहेत. पहिला: ‘बाई, तुम्ही प्रचार करता.’ प्रचार करायचा असता तर मेनेझिसचे नाव घेतले नसते. दुसरा आवाज चर्चच्या बाजूचा: ‘मग प्रेषित थॉमस इ.स. ५२ मध्ये केरळला आले, तेही छापा.’ ती परंपरा म्हणून जरूर छापा. समकालीन पुरावा मात्र नाही. थॉमसला भारतात आणणारा सगळ्यात जुना ग्रंथ तिसऱ्या शतकातला, एडेसाच्या बाजूचा, आणि त्यात तो गोंडोफर्नेस राजाकडे येतो. हा राजा खरा होता, त्याची नाणी सापडली आहेत, पण त्याचे राज्य वायव्येला, तक्षशिलेकडे. परंपरेला परंपरा म्हटल्याने तिचा अपमान होत नाही, आणि केरळच्या ख्रिस्ती लोकांचे जुनेपण ताम्रपटांवर पुरेसे सिद्ध आहे.

युरोपच महत्त्वाचा होता, पूर्वेचे चर्च तर संपले, असेही कुणी म्हणेल. संपले म्हणजे कसे, ते तरी सांगा. इराणचे मंगोल राजे मुसलमान झाले, १३६८ मध्ये चीनमधली मंगोल सत्ता गेली, मग तैमूर आला. त्याआधी, १२८७ मध्ये, बीजिंगकडे जन्मलेला रब्बान सौमा नावाचा धर्मगुरू इराणच्या मंगोल राजाचा, म्हणजे इलखानाचा, वकील म्हणून युरोपात गेला होता. इंग्लंडचा राजा एडवर्ड याने त्याच्या हातून प्रसाद घेतला. चीनमधून आलेल्या माणसाने युरोपच्या राजाला ख्रिस्तप्रसाद द्यायचा, हे चित्र तुमच्या आराखड्यात कुठेच बसत नाही, म्हणून ते परीक्षेला येत नाही.

पुढच्या आवृत्तीसाठी मागणी थोडी आहे. ३१३ आणि ३८० वेगळे करा. निकियातून बायबल काढून टाका. युसेबियस कोण होता आणि त्याने क्रिस्पसबद्दल काय केले, याची एक चौकट द्या. मुले तेवढ्यावरून साधने तपासायला शिकतील. प्रसाराच्या नकाशावर पूर्वेकडेही बाण काढा: एडेसा, बगदाद, शिआन, कोल्लम. आणि ‘भारतात ख्रिस्ती धर्म’ या मथळ्याखाली १४९८ च्या आधी ८४९ आणि १३२१ ही साले येऊ द्या. सगळे मिळून पाऊण पान वाढेल. ते कमी करायचे असेल तर धर्मयुद्धांची आठ-नऊ कलमी यादी आहे, तिच्यातून खुशाल काढा; ती यादी पाठ केलेल्या कुणालाही नंतर आठवत नाही.

छपाईआधीचा मजकूर पाठवलात तर मी वाचून देईन, मोबदला नको. फक्त परीक्षेच्या हंगामात पाठवू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

कळावे,
आपली,
इतिहासाची एक शिक्षिका,
ठाणे जिल्हा